तेरावा बलुतेदार

यवतमाळ जिल्ह्यातील खेड्यात ग्रंथालयाचे वर्ष पंचांगाप्रमाणे चैत्रात सुरू होत नाही आणि सरकारी दफ्तराप्रमाणे एप्रिलातही होत नाही. ते सुरू होते उलंगवाडीनंतर, म्हणजे कापसाची शेवटची वेचणी आटोपल्यावर. मृगाचा पाऊस पडून पेरणीची घाई उसळली की देवघेवीच्या वहीत पानेच्या पाने कोरी राहू लागतात. निंदण, डवरणी, फवारणी यांच्या धबडग्यात घरी नेलेली कादंबरी दोन-दोन महिने परत येत नाही. आणि तगादा करावयास जाणारा ग्रंथपाल हाही बहुधा चार एकरांचा धनी असल्यामुळे, आपलीच कपाशी गवतात बुडत असताना दुसऱ्याकडे पुस्तकाची मागणी करण्याचे धाडस त्याला होत नाही. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन निघते, दिवाळीला वेचणी ऐन भरात येते, आणि पुढे केव्हातरी पऱ्हाटीवरचे शेवटचे बोंड वेचले जाऊन शेत मोकळे झाले, म्हणजे मग थकलेली माणसे सायंकाळी ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीकडे वळू लागतात. तेथे दारावर एक पाटी असते, तिच्यावर एखाद्या महापुरुषाचे नाव असते, आणि त्या नावाखाली ‘शासनमान्य, वर्ग ड’ अशी अक्षरे असतात.

या शेवटच्या अक्षराचा अर्थ शहरातील वाचकास चटकन् उमगणार नाही, म्हणून प्रथम तो सांगितला पाहिजे. महाराष्ट्रातील सार्वजनिक ग्रंथालये ही सरकारने उघडलेली वा सरकारने चालविलेली नाहीत. गावातील सात-आठ मंडळी एकत्र येतात, १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली आपल्या संस्थेची नोंद करतात, वर्गणी गोळा करतात, पुस्तके जमवितात, आणि मग ग्रंथालय संचालनालयाकडे मान्यतेचा अर्ज गुदरतात. ग्रंथसंख्या, सभासदसंख्या, येणारी वृत्तपत्रे व नियतकालिके, उघडे राहण्याचे तास, ग्रंथपालाचे शिक्षण इत्यादी गोष्टी तपासून सरकार त्या संस्थेस अ, ब, क, ड यांपैकी एक वर्ग देते, आणि त्या वर्गाच्या मानाने दरवर्षी जे अनुदान मंजूर करते त्यास ‘परिरक्षण अनुदान’ असे भारदस्त नाव आहे. राज्यात अशी मान्यताप्राप्त ग्रंथालये अकरा-बारा हजार आहेत. त्यांतील खेड्यापाड्यांतली बहुतेक ‘क’ आणि ‘ड’ या पायऱ्यांवरच उभी असतात. गाव ग्रंथालय चालविते, सरकार त्याला हातभार लावते, आणि या दोहोंच्या मध्ये एक माणूस बसलेला असतो, ज्याच्याविषयी पुढे सविस्तर लिहावयाचे आहे.

ही घडी बसविली ती १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाने. तो अंमलात आला १ मे १९६८ पासून. हा कायदा झाला त्या काळी राज्याचे मुख्यमंत्री वसंतराव नाईक होते, आणि वसंतराव हे याच जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील गहुली या बंजारा वस्तीच्या गावचे. ज्या तांड्यांवर छापील अक्षर पोचणे हीच अपूर्वाई होती, तेथून निघालेल्या माणसाच्या कारकिर्दीत राज्याला ग्रंथालयांचा कायदा मिळावा, ही घटना यवतमाळकरांनी अधिक अभिमानाने सांगावयास हवी होती; परंतु नाईकांची आठवण निघते ती हरितक्रांतीच्या, रोजगार हमीच्या आणि जिल्हा परिषदांच्या संदर्भात. ग्रंथालयाचा कायदा त्या यादीत सहसा येत नाही.

अर्थात् ग्रंथालयाची कल्पना या मुलखाला कायद्याने दिली असे नाही. इंग्रजी अमलात प्रारंभी जो वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई आणि १९०५ साली ज्याला यवतमाळ हे नाव मिळाले, तो हा प्रदेश वऱ्हाडचा आग्नेय कोपरा. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला, १९०३ मध्ये तो मध्य प्रांताला जोडला गेला, आणि १९५६ साली राज्यपुनर्रचना होईपर्यंत मुंबई इलाख्याशी त्याचा राज्यकारभाराचा संबंध नव्हता. रत्नागिरीस १८२८ मध्ये, नाशकास १८४० मध्ये, पुण्यास १८४८ मध्ये ‘नेटिव्ह लायब्ररी’ निघाली, ती साहेबाच्या उत्तेजनाने आणि नवशिक्षितांच्या उत्साहाने. कापसाच्या पेठा वाढल्यावर तोच उत्साह वकील, शिक्षक, कारकून आणि जिनवाले यांच्याबरोबर वऱ्हाडातील तालुक्याच्या गावांतही आला. १९३९ साली मुंबई सरकारने असफ अली असगर फैजी यांच्या अध्यक्षतेखाली जी ग्रंथालय विकास समिती नेमली आणि जिच्या शिफारशींवर पुढे महाराष्ट्रातील ग्रंथालय चळवळीची पुष्कळशी इमारत उभी राहिली, तिच्या अधिकारक्षेत्रात यवतमाळ नव्हतेच. या जिल्ह्यातील जुन्या वाचनालयांनी जे काही केले ते बव्हंशी आपल्याच बळावर केले, एवढे यावरून ध्यानात यावे.

त्या काळच्या वाचनसंस्कृतीचा एक पुरुष मात्र येथे उल्लेखिल्यावाचून राहवत नाही. वणीस १८८० मध्ये जन्मलेले लोकनायक माधव श्रीहरी उपाख्य बापूजी अणे हे यवतमाळचे वकील, टिळकांचे अनुयायी, १९३० साली पुसदच्या रानात गवत कापून जंगल सत्याग्रह करणारे पुढारी, आणि पुढे बिहारचे राज्यपाल. परंतु या सर्व उलाढालीत त्यांची ग्रंथाशी असलेली गाठ कधी सुटली नाही. यवतमाळातून त्यांनी ‘लोकमत’ हे साप्ताहिक चालविले, आणि उतारवयात टिळकांचे चरित्र संस्कृत महाकाव्यात रचले. त्या ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ ग्रंथास साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला तो १९७३ मध्ये, म्हणजे अणे निवर्तल्यानंतर पाच वर्षांनी. राजकारणाचा माणूस तुरुंगात वाचतो आणि सुटल्यावर विसरतो, हा सर्वसाधारण अनुभव. अण्यांच्या पिढीत तो खरा नव्हता.

खेड्यात मात्र वाचनाचे स्वरूप पूर्वीपासून निराळे होते. तेथे वाचणारा एक आणि ऐकणारे पन्नास. श्रावणात देवळाच्या पारावर पोथी लागे, आणि शेजारच्या अमरावती जिल्ह्यातील मोझरीच्या गुरुकुंजातून राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ निघाल्यावर सामुदायिक प्रार्थनेनंतर तिचे वाचन गावोगावी होऊ लागले. बुद्धविहारांतून १९५६ नंतर ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वर्षावासातील वाचन रूढ झाले, ते आजही चालू आहे. आणि ज्या समाजाला शतकानुशतके अक्षराची बंदी होती त्याने आपल्या वस्तीत सभागृहाआधी पुस्तकाचे कपाट मागावे, यात आंबेडकरांच्या ग्रंथवेडाचा वाटा किती मोठा आहे हे सांगण्याची आवश्यकता नाही. खेड्यातील ग्रंथालयांच्या पाट्यांवर बाबासाहेबांचे, महात्मा फुल्यांचे, सावित्रीबाईंचे, तुकडोजींचे, संत सेवालाल महाराजांचे नाव वारंवार आढळते. पाटीवरच्या नावावरून संस्थेमागे कोणती वस्ती उभी आहे ते ओळखता येते. आणि क्वचित् असेही होते की त्या नावामुळेच दुसरी वस्ती तिकडे फिरकत नाही. हा दोष ग्रंथालयाचा नाही, गावाचा आहे. पण तो झाकण्यात अर्थ नाही.

आता आत जाऊन पाहू. तीन-चार लोखंडी कपाटे, दोन बाक, एक लांब टेबल, त्यावर दोऱ्याने टाचलेली वर्तमानपत्रे. कपाटात ‘ययाति’, ‘मृत्युंजय’, ‘स्वामी’, ‘श्यामची आई’ यांच्या कणा उसवलेल्या प्रती. उद्धव शेळक्यांची ‘धग’, जी या भागातील वाचकास आपल्या बोलीमुळे घरची वाटते. सदानंद देशमुखांची ‘बारोमास’, जी वाचताना शेतकऱ्याला आपला जमाखर्च कोणी चोरून पाहिला की काय असे वाटावे. बाबुराव अर्नाळकरांच्या चारदोन रहस्यकथा, मुखपृष्ठे गळालेल्या. आणि खालच्या खणात, एकदाही न उघडलेली, अनुदानासोबत आलेली अथवा शासकीय यादीतून घेतलेली जाडजूड पुस्तके. १९७२ साली स्थापन झालेल्या कलकत्त्याच्या राजा राममोहन राय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून आलेल्या ग्रंथांवर त्या संस्थेचा शिक्का असतो. त्या योजनेने खेड्यात पुष्कळ चांगली पुस्तके पोचविली हे मान्य केले पाहिजे. तथापि यादी वर ठरते आणि वाचक खाली बसतो, तेव्हा मधल्या खणात धूळ साचणारच.

सकाळी वर्तमानपत्रांसाठी येणारे वेगळे असतात: निवृत्त गुरुजी, कामावर निघालेला ग्रामसेवक, एस.टी.ची वाट पाहणारा कोणी पाहुणा. कापसाचा भाव प्रथम पाहिला जातो, मग निधनवार्ता, आणि मग राजकारण, ज्यावर चर्चा मात्र सर्वांत जास्त होते. दुपार मुलांची व स्त्रियांची. स्त्रिया स्वतः येतात त्यापेक्षा मुलाबाळांच्या हाती पिशवी आणि निरोप पाठवितात. “आईनं मोठं पुस्तक मांगतलं, पाटपोट असलेलं” अशा निरोपावरून नेमके पुस्तक काढून देणे हे कौशल्य कोणत्याही ग्रंथालयशास्त्राच्या पाठ्यक्रमात शिकवीत नाहीत. सायंकाळी तरुण येतात, आणि ते पुस्तक बदलावयास येत नाहीत. ते बसावयास येतात.

गेल्या वीसेक वर्षांत ग्रामीण ग्रंथालयात जो सर्वांत मोठा पालट घडला तो हाच, आणि त्याचे नाव ‘अभ्यासिका’. तलाठी, पोलीस शिपाई, वनरक्षक, शिक्षक पात्रता, लोकसेवा आयोग: या परीक्षांच्या मार्गदर्शिका घेऊन खेड्यातील मुलगे आणि अलीकडे मुलीही रात्री उशिरापर्यंत तेथे बसतात, कारण दोन खोल्यांच्या घरात आजी खोकते, दूरदर्शन संच चालू असतो आणि वीज केव्हा जाईल याचा भरवसा नसतो. जुन्या पिढीतील ग्रंथप्रेमी यावर नाक मुरडतात. हे वाचन नव्हे, ही घोकंपट्टी, असे त्यांचे म्हणणे. मला ते पटत नाही. कोरडवाहू चार एकरांवर दोन भावांचे भागत नाही हे ज्याने पाहिले आहे, त्याने परीक्षेचे पुस्तक वाचणाऱ्या मुलाला कादंबरी का वाचत नाहीस असे विचारू नये. ग्रंथालयाने त्याला दिवा, टेबल आणि शांतता दिली, एवढ्याने त्याचे एक कार्य झाले. कादंबरी तो नोकरी लागल्यावर वाचील, किंवा वाचणारही नाही.

यवतमाळ जिल्ह्यात तालुके सोळा, आणि २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या २७,७२,३४८. या लोकसंख्येत जवळजवळ पाचवा हिस्सा अनुसूचित जमातींचा आहे. केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, राळेगाव, घाटंजी या भागांतील कोलामांचे पोड, गोंडांच्या वस्त्या, पुसद-दिग्रस-दारव्ह्याकडचे बंजारा तांडे, पैनगंगेच्या काठची तेलुगू बोलणारी घरे, शहरांतील उर्दू वाचणारा वर्ग, हे सारे ध्यानात घेतले म्हणजे ‘मराठी ग्रंथालय’ हा शब्द या जिल्ह्यापुरता अपुरा ठरतो. कोलामी बोलणारे मूल शाळेत जाते ते मराठी ही परकी भाषा म्हणून शिकावयास. त्याच्या बोलीत छापलेले पुस्तक त्याला कपाटात मिळत नाही, आणि मिळाले तर ते बहुधा त्याच्याविषयी कोणा संशोधकाने लिहिलेले असते, त्याच्यासाठी लिहिलेले नसते. गोरमाटी, गोंडी, कोलामी यांतील गाणी व कथा देवनागरीत उतरवून ग्रंथालयाने त्यांच्या लहान पुस्तिका कराव्यात, त्यांच्या वृद्धांना बोलावून मुलांना त्या ऐकवाव्यात, यासाठी कायदा बदलण्याची गरज नाही. एखाद्या उत्साही शिक्षकाची आणि कागदाच्या दोन रिमांची आहे. पोडावर मात्र मान्यताप्राप्त ग्रंथालय जवळजवळ नसतेच, कारण वर्गणी देऊ शकणारे पुरेसे सभासद तेथे जमत नाहीत. जेथे ग्रंथालयाची निकड अधिक तेथे ते निघण्याची शक्यता कमी: लोकाश्रयावर उभारलेल्या पद्धतीचा हा अंगभूत दोष आहे.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी हा दोष शंभर वर्षांपूर्वी ओळखला होता. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याच्या शेतकरी घरातून दत्तक गेलेल्या या राजाने १९१० मध्ये अमेरिकेतून विल्यम बॉर्डन नावाचा ग्रंथालयतज्ज्ञ आणविला आणि संस्थानभर ग्रंथालयांचे जाळे विणले. गावाने जितकी रक्कम जमवावी तितकी प्रांत पंचायतीने आणि तितकीच दरबारने घालावी, असा तेथील दंडक. आणि जे गाव काहीच जमवू शकत नाही तेथे फिरत्या ग्रंथालयाच्या कुलूपबंद लाकडी पेट्या जात. पेटी शाळामास्तराच्या हवाली होई, मुदत संपली की परत येई, आणि वाहतुकीचा खर्चही दरबारच सोशी. या योजनेतील पहिला भाग महाराष्ट्राने आपल्या रीतीने स्वीकारला; पेटीचा भाग, जो झरी-जामणीच्या पोडाला सर्वांत उपयोगी पडला असता, तो मागे राहिला.

पैनगंगेच्या पलीकडे निराळाच इतिहास घडला. त्या तीरावर निजामाचे राज्य होते, जेथे सभा भरविण्यास परवानगी मिळणे दुरापास्त. म्हणून तेलुगू लोकांनी ग्रंथालयाच्या आश्रयाने आपली भाषा आणि आपले राजकारण जगविले. हैदराबादेत १९०१ साली स्थापन झालेले श्रीकृष्णदेवराय आंध्र भाषा निलयम हे त्या चळवळीचे आद्यपीठ. मद्रास प्रांताने १९४८ मध्ये ग्रंथालयाचा कायदा केला तेव्हा मालमत्तेच्या करावर ग्रंथालयासाठी उपकर बसविला, आणि पुढे दक्षिणेतील इतर राज्यांनीही तोच मार्ग धरला. महाराष्ट्राच्या कायद्यात असा उपकर नाही. सरकारने दरसाल निदान पंचवीस लाख रुपये ग्रंथालय निधीत घालावेत अशी त्यात तरतूद आहे. १९६७ साली ती रक्कम मोठी होती. उपकर नसल्यामुळे लोकांवर बोजा पडला नाही हे खरे, परंतु ज्याचा कर आपण भरतो त्याचा हिशेब आपण मागतो, आणि येथे हिशेब मागण्याचे ते निमित्तच नागरिकांच्या हाती आले नाही.

आता त्या मधल्या माणसाकडे येतो.

त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली ‘गावगाडा’ लिहिला तेव्हा त्यांनी बारा बलुतेदारांचा हिशेब मांडला: कोणाचे काम काय, खळ्यावर कोणाला किती पेंढ्या, कोणाचा मान कोणता. ग्रंथपाल हा मला गावाचा तेरावा बलुतेदार वाटतो. ही उपमा वापरताना सावध राहिले पाहिजे हे मी जाणतो. बलुतेदारी जन्माला चिकटलेली होती, तिने कित्येक घरांना पिढ्यान्पिढ्या मानहानीत जखडून ठेवले, आणि दया पवारांनी आपल्या आत्मकथनाला ‘बलुतं’ हे नाव दिले त्यातला दाह अद्याप निवलेला नाही. ती व्यवस्था गेली हे उत्तमच झाले. पण तिच्यात एक तत्त्व होते, की जो गावाचे काम करतो त्याच्या पोटाचे उत्तर गावाने दिले पाहिजे. आणि नेमके ते तत्त्व तेराव्याच्या बाबतीत कोणी पाळीत नाही.

त्याचे काम पाहा. सकाळी कुलूप काढणे, झाडणे, वर्तमानपत्रे लावणे. नवे पुस्तक आले की दाखल नोंदवहीत चढविणे, त्याला दशांश पद्धतीने वर्गांक देणे, शिक्के मारणे. देवघेव, वर्गणीच्या पावत्या, वाचकांच्या उपस्थितीची वही, कपाट-खुर्च्यांची जडसंग्रह नोंदवही, रोजकीर्द, खतावणी. वर्षाअखेर लेखापरीक्षा, वार्षिक अहवाल जिल्हा ग्रंथालय अधिकाऱ्याकडे, विश्वस्त बदलले तर धर्मादाय आयुक्तांच्या कचेरीत बदल अर्ज. यासाठी त्याने संचालनालयाची ग्रंथालय प्रमाणपत्र परीक्षा दिलेली असावी अशी अपेक्षा असते. आणि याखेरीज गावाने त्याच्यावर टाकलेली, कोणत्याही नियमात न बसणारी कामे: पीकविम्याचा अर्ज भरून दे, मुलीच्या शिष्यवृत्तीची तारीख बघून दे, तहसीलातून आलेल्या नोटिशीचा अर्थ सांग, मुंबईच्या लेकाला चार ओळी लिहून दे. पूर्वी पत्र लिहून देत, आता भ्रमणध्वनीवर संदेश टंकून देतात, इतकाच फरक.

या कामाचा मोबदला कसा ठरतो? अनुदानाची निम्मी रक्कम वेतनावर आणि निम्मी ग्रंथखरेदी, वृत्तपत्रे, भाडे, वीज इत्यादी वेतनेतर बाबींवर खर्चावी, अशी रीत आहे. ‘ड’ वर्गाच्या ग्रंथालयास २०१२ च्या दराने वर्षास ३०,००० रुपये मिळत. दहा वर्षे तोच दर चालला. २०२२ मध्ये अनुदानात साठ टक्क्यांची वाढ झाली, तेव्हा ते ४८,००० झाले. त्याचा निम्मा भाग चोवीस हजार, त्यास बाराने भागले म्हणजे महिन्याकाठी दोन हजार रुपये. कापूस वेचणाऱ्या मजुराची काही दिवसांची मजुरीही त्यापेक्षा जास्त भरते. शिवाय अनुदान हप्त्यांनी येते, आणि २०२० च्या मार्चपासून ऑक्टोबरपर्यंत महामारीने ग्रंथालये बंद राहिली तसल्या वर्षी तो हप्ता केव्हा येईल याचा भरवसा कोणीच देऊ शकत नव्हता. वेतनश्रेणी व सेवाशर्ती यांची मागणी ग्रंथालय सेवकांचे संघ कित्येक वर्षे करीत आले आहेत. सरकारचे म्हणणे असे की ग्रंथपाल हा संस्थेचा नोकर, सरकारचा नव्हे. संस्थेचे म्हणणे असे की आमचे उत्पन्न म्हणजे सरकारचे अनुदान. दोघांचेही म्हणणे कायद्याने बरोबर आहे, आणि दोघांच्या मध्ये तो माणूस तुटपुंज्या रकमेवर बसून आहे.

मग काही ठिकाणी लबाडीही होते, यात नवल नाही. २०१२ च्या मे महिन्यात सरकारने महसूल खात्याकडून राज्यातील ग्रंथालयांची पडताळणी करविली, तेव्हा कित्येक ठिकाणी कुलूप आढळले, कोठे नोंदवहीतील पुस्तके कपाटात नव्हती, कोठे पाटीच नव्हती. पडताळणी योग्यच होती. परंतु तिच्या परिणामी नवी मान्यता व वर्गवाढ देण्याचे काम वर्षानुवर्षे खोळंबून राहिले, आणि ज्या गावांनी या काळात प्रामाणिकपणे खोली बांधली, पुस्तके जमविली, त्यांनी कागदी ग्रंथालयांच्या पापाचे प्रायश्चित्त घेतले. ‘गाव तेथे ग्रंथालय’ ही घोषणा त्याच काळात कार्यक्रमपत्रिकांवर छापली जात होती, हे येथे नमूद करून ठेवतो.

इतके असूनही ग्रंथालयात काही ना काही घडत राहते. बारा ऑगस्टला ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. रंगनाथन यांच्या तसबिरीला हार घातला जातो. पंधरा ऑक्टोबरला, अब्दुल कलामांच्या जन्मदिनी, वाचन प्रेरणा दिन. सत्तावीस फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या नावाने मराठीचा गौरव. हे दिवस वरून ठरलेले, आणि छायाचित्र काढून अहवालाला जोडण्यापुरते ते पुष्कळ ठिकाणी साजरे होतात. खरा जीव गावाने स्वतः काढलेल्या चालीरीतींत असतो. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला प्लॅस्टिकच्या डब्यांऐवजी लहान पुस्तक वाण म्हणून द्यावे, तेरवीच्या जेवणावळीतून काही रक्कम वाचवून बापाच्या नावे एक कपाट द्यावे, परगावी नोकरी लागलेल्या मुलाने पहिल्या पगारातून स्पर्धापरीक्षेच्या पुस्तकांचा संच पाठवावा, या गोष्टी विदर्भातील खेड्यांत होत आल्या आहेत, आणि त्यांची नोंद कोणत्याही शासकीय तक्त्यात होत नाही. दिवाळी अंकांची योजना ही आणखी एक. का. र. मित्र यांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा पहिला दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी घराला जे व्यसन जडले, ते खेड्यात परवडते ते ग्रंथालयामुळेच; थोडी जादा वर्गणी भरावी आणि पाळीपाळीने पंधरा-वीस अंक वाचावेत. वेचणीच्या धांदलीमुळे आपल्याकडे ती पाळी शिमग्यापर्यंत लांबते, आणि अंकातील वार्षिक राशिभविष्य निम्मेअधिक घडून गेल्यावर हाती येते.

जिल्ह्याच्या ठिकाणी ग्रंथोत्सव भरतो, पालखीत ग्रंथ ठेवून दिंडी निघते, लेझीम खेळत शाळेची मुले पुढे चालतात. यवतमाळने अशा दिंड्या मोठ्या प्रमाणावर दोनदा पाहिल्या: १९७३ च्या अखिल भारतीय साहित्य संमेलनात, ज्याचे अध्यक्ष ग. दि. माडगूळकर होते, आणि २०१९ च्या जानेवारीत अरुणा ढेरे यांच्या अध्यक्षतेखाली. दुसरे संमेलन लेखिका नयनतारा सहगल यांचे उद्घाटनाचे निमंत्रण मागे घेतल्यामुळे गाजले, आणि उद्घाटनासाठी कळंब तालुक्यातील, पतीच्या आत्महत्येनंतर शेत आणि मुले सांभाळणाऱ्या एका शेतकरी स्त्रीला व्यासपीठावर बोलाविण्यात आले. निमंत्रण मागे घेणे अनुचित होते असेच मी म्हणेन. पण त्या स्त्रीचे भाषण ज्यांनी ऐकले त्यांना साहित्य कोणासाठी असते या प्रश्नाचे थोडे तरी उत्तर मिळाले असेल. ग्रंथालये वाढल्याने आत्महत्या थांबतील असे बोलणारे पुढारी मी ऐकले आहेत, आणि तो केवळ शब्दांचा व्यापार आहे: कर्ज पुस्तकाने फिटत नाही. मात्र नोटिशीचा अर्थ कळणे, विम्याची मुदत ठाऊक असणे, आणि सायंकाळी चार माणसांत जाऊन बसावयास एक जागा असणे, यांची किंमत संकटात सापडलेल्या घराला विचारावी.

ती जागा टिकवायची असेल तर ग्रंथपालाचे वेतन अनुदानाच्या निम्म्या तुकड्यातून काढण्याची रीत मोडली पाहिजे, त्याला किमान वेतनाच्या दराने स्वतंत्र रक्कम मिळाली पाहिजे, आणि ग्रंथांसाठीचे अनुदान ग्रंथांनाच लागले पाहिजे. यापेक्षा दुसरी मोठी सुधारणा मला सुचत नाही. सरकारकडून ती व्हावयास वेळ लागेल. तोपर्यंत वाचकांस एवढीच विनंती, की आपल्या गावच्या ग्रंथालयाचे सभासद व्हा, थकलेली वर्गणी भरा, संस्थेच्या वार्षिक सभेची नोटीस लागली म्हणजे त्या सभेला जा, आणि जमाखर्च वाचून झाल्यावर उभे राहून ग्रंथपालाला महिन्याला किती मिळते हे सर्वांसमक्ष विचारा.